आयर्लंडच्या गाण्यांमागून आठ दिवस

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गोठ्यात मोबाईल खुंटीला अडकवून ऐकणाऱ्या आणि गटाची मीटिंग उरकून एकत्र बसलेल्या, सगळ्यांना नमस्कार. आज मी तुम्हाला आयर्लंड देशाबद्दल सांगणार आहे. माझी लेक तिथे नोकरी करते. मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने मला आठ दिवसांच्या एका सहलीला पाठवलं. ती सहल होती तिथल्या गाण्यांची आणि इतिहासाची. विमानातलं आणि खरेदीचं मी सांगत बसणार नाही. त्या देशातल्या बायकांनी गाण्यातून आणि गोष्टींतून काय जपलं, ते सांगते.

आधी हा देश कुठे आहे ते बघू. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात एक हिरवंगार बेट आहे, तेच आयर्लंड. उत्तरेकडचा एक तुकडा आजही ब्रिटनमध्ये आहे, बाकीचा मोठा भाग स्वतंत्र देश आहे. २०२२ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या ५१ लाखांच्या थोडी वर भरली. म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात त्याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. या देशाचे दोन वेळा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जी होमरूल चळवळ सुरू केली, त्यातला 'होमरूल' हा शब्दही आयर्लंडकडूनच आलेला. कारण त्यांच्यावरही इंग्रजांचंच राज्य होतं, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं होतं.

आता ही सहल कशी असते ते सांगते. एक छोटी बस, त्यात आम्ही अठरा जण. कुणी अमेरिकेचे, कुणी जर्मनीचे, बरेचसे साठीच्या पुढचे. सोबत एक मार्गदर्शक बाई. ती स्वतः फिडल वाजवायची. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. रोज सकाळी बॅगा दारापाशी ठेवायच्या, नऊला बस सुटायची. सुटण्याआधी बाई डोकी मोजायची, अगदी आपल्या पंढरपूरच्या गाडीत मोजतात तशी. राहणं, नाश्ता, बस आणि संग्रहालयांची तिकिटं पैशात धरलेली होती, दुपारचं जेवण ज्याचं त्याने करायचं. मी शाकाहारी, पण अडचण आली नाही. बटाट्याचं गरम सूप आणि जाड्या गव्हाची तपकिरी पाववडी जवळजवळ सगळीकडे मिळते. पाऊस मात्र दिवसातून चारदा येऊन जातो, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा.

पहिला दिवस डब्लिनचा, म्हणजे राजधानीचा. तिथे किलमेनहम नावाचा जुना तुरुंग आहे. १९१६ साली ईस्टरच्या सणात आयरिश लोकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. ते आठवड्याभरात मोडलं आणि त्याच्या पुढाऱ्यांना याच तुरुंगात गोळ्या घातल्या. त्यातला एक जोसेफ प्लंकेट. त्याचं लग्न ग्रेस गिफर्ड या चित्रकार मुलीशी ठरलं होतं. ३ मेच्या रात्री तुरुंगातल्याच प्रार्थनाघरात त्यांचं लग्न लावलं आणि ४ मेला पहाटे त्याला गोळ्या घातल्या. पुढे १९२३ साली यादवी युद्धात ग्रेसलाही याच तुरुंगात ठेवलं होतं. तिने आपल्या कोठडीच्या भिंतीवर मेरीमाता आणि बाळाचं चित्र काढलं. तिच्यावरचं एक गाणं आज तिथे लग्नातसुद्धा म्हणतात. आमच्या बाईने ते तुरुंगाबाहेर बसमध्ये वाजवून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे इतिहासाच्या तासाला मुलं झोपतात, पण ही गाणी त्यांना पाठ असतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही रॉसकॉमन जिल्ह्यात स्ट्रोक्सटाउनला गेलो. जमीनदाराचा मोठा वाडा आहे, आणि त्याच वाड्यात दुष्काळाचं संग्रहालय. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरीब कुळांचं रोजचं खाणं म्हणजे बटाटा, दुसरं काही नाही. शेतात गहू, ओट पिकत होतं, पण ते खंड भरायला जायचं आणि बोटींतून इंग्लंडला विकलं जायचं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, आणि १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ साली त्या बेटावर ८० लाखांहून अधिक लोक होते. आजसुद्धा उत्तर आणि दक्षिण मिळून ती संख्या गाठलेली नाही. मैत्रिणींनो, पावणेदोनशे वर्षं झाली तरी भरून न आलेला हा दुष्काळ आहे.

त्या वाड्याच्या जमीनदाराने हिशोब केला. कुळांना गरीबखान्यात पोसण्यापेक्षा बोटीत बसवून कॅनडाला पाठवणं स्वस्त पडतं. म्हणून १८४७ च्या मे महिन्यात १४९० माणसांना तिथून चालत डब्लिनला पाठवलं, कालव्याच्या काठाने. ही वाट सुमारे १६५ किलोमीटर आहे. त्यांतली जवळजवळ निम्मी माणसं कॅनडाला पोचण्याआधीच गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या जमीनदाराचाही गोळी घालून खून झाला. आज लोक मुद्दाम ती वाट चालतात. वाटेवर जागोजागी लहान मुलांच्या बुटांची कांस्याची जोडी बसवलेली आहे. त्या काळातल्या एका घराच्या छपरात सापडलेल्या बुटांवरून ती घडवली. राजाचा पुतळा नाही, सेनापतीचा नाही, पोराचे बूट. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

संग्रहालयातून निघाल्यावर मी बाईला विचारलं, "या दुष्काळाची गाणी कोणती?" ती म्हणाली, "फार कमी आहेत." जॉर्ज पेट्री नावाचा एक जण त्या काळी जुन्या चाली गोळा करायचा. त्याने १८५५ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की दुष्काळानंतर खेडोपाडी सगळ्यात जास्त जाणवली ती शांतता. शेतात, रस्त्यावर गाणं ऐकूच येईना. गाणारी माणसं मेली होती किंवा गेली होती. माणसांबरोबर गाणी जातात, हे त्या देशाने अशा रीतीने बघितलेलं आहे.

तिथून पुढे पश्चिमेला गॉलवे आणि कॉनेमारा. दगडांचे बांध, छोटी छोटी वावरं, मेंढरं. या भागात आजही आयरिश भाषा बोलतात. बाकी बहुतेक देशात घराघरांत इंग्रजीच झाली. ते कसं झालं? एकोणिसाव्या शतकात पुष्कळ शाळांमध्ये पोराच्या गळ्यात काठी बांधत. पोर आयरिश बोललं की काठीवर एक खाच पाडायची, आणि संध्याकाळी खाचा मोजून मारायचं. आईबापांचाही याला पाठिंबा असायचा, कारण पोर अमेरिकेला जाणार, इंग्रजी आली तरच पोट भरेल. पोटासाठी भाषा सोडावी लागणं काय असतं, ते आपल्यातल्या स्थलांतर करून गेलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

कॉनेमारात आम्हाला 'शॅन-नोस' गाणं ऐकायला मिळालं. या शब्दाचा अर्थ 'जुनी रीत'. साथीला वाद्य नाही, ताल धरायचा नाही. एक बाई डोळे मिटून एकटी गाते, आणि एकाच ओळीला प्रत्येक वेळी थोडं वेगळं वळण देते. त्यात एक प्रथा अशी, की गाणं रंगलं म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी एकजण गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि गाण्याबरोबर हळूहळू गोल फिरवत राहतो. मी ते पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अगदी जात्याचा खुंटा धरून दोघीजणी दळताना हात फिरतो तसा तो हात फिरत होता.

नंतर सगळ्यांना आळीपाळीने गायला सांगितलं. तिथे पद्धतच आहे, ज्याचं गाणं झालं त्याने पुढच्याचं नाव घ्यायचं. माझं नाव आलं तेव्हा मी आईच्या दोन ओव्या म्हटल्या. शब्द कुणाला कळले नाहीत. पण शेजारच्या सत्तरीतल्या आजीने माझा हात घेतला आणि फिरवायला लागली. तिला मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे दळतानाचं गाणं आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे लोणी घुसळतानाची आणि सूत काततानाची गाणी होती. काम गेलं, मग गाणं गेलं."

त्यापुढचे दोन दिवस क्लेअर जिल्ह्यात. तिथे समुद्राकाठी २१४ मीटर उंचीचे मोहरचे कडे आहेत, आणि जवळच डूलिन नावाचं चिमुकलं गाव. हे गाव गाण्यावर जगतं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी पबमध्ये 'सेशन' असतं. आता पब म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. आपल्यातल्या कितीतरी जणींनी बाटली आडवी करायला मतदान केलंय. मीही दाराशी थबकले. पण आत बघितलं तर आजोबा, सुना, शाळकरी मुलं, सगळे बसलेले. आईबापांसोबत मुलांना रात्री नऊपर्यंत, उन्हाळ्यात दहापर्यंत बसता येतं. मी चहा मागितला, कुणी वळूनही पाहिलं नाही. एका अर्थी ती गावाची चावडी आहे. पण दारूने तिथेही घरं मोडली आहेत, हे खरं आहे. म्हणूनच २०२२ पासून त्यांनी कायद्याने दारूची किमान किंमत ठरवून दिली, स्वस्त दारू विकता येत नाही.

सेशन म्हणजे काय, तर एका टेबलाभोवती गोल करून वाजवणं. फिडल, पत्र्याची बासरी, काखेत धरून कोपराने भाता दाबायचे इलन पाइप्स, आणि बकऱ्याच्या कातड्याचा बौरान, म्हणजे आपल्या डफाचा भाऊ. समोर कागद नाही. एक चाल दोन-तीनदा वाजवायची, मग न थांबता दुसरी धरायची. येईल त्याने साथ द्यायची, येत नसेल त्याने ऐकायचं. आपलं भजनी मंडळच डोळ्यांपुढे आणा. आमच्या बाईने आधीच बजावलं होतं: वाजवणाऱ्यांच्या खुर्चीवर बसू नका, विचारल्याशिवाय मोबाईलवर चित्रण करू नका, आणि एखादा एकटा गायला लागला की चमचासुद्धा वाजता कामा नये.

मी पैशाचंही विचारलं, आपण गटवाल्या बायका ना! बहुतेक ठिकाणी दोन-तीन वादकांना पबचा मालक पैसे देतो, बाकीचे हौसेने येतात. पर्यटक येतात म्हणून गावातल्या घरांत राहण्या-जेवणाची सोय चालते, वाद्यं बनवणाऱ्यांना काम मिळतं, शिकवण्या चालतात. जवळच्या मिलटाउन मालबे गावात १९७३ पासून दर जुलैत आठवडाभर संगीताची शाळा भरते. पाइप वाजवणाऱ्या विली क्लॅन्सीच्या नावाने ती सुरू झाली. जगभरातून लोक तिथे शिकायला येतात. पण एक लक्षात घ्या, आधी गावाने स्वतःसाठी वाजवणं चालू ठेवलं, मग पाहुणे आले. फक्त पाहुण्यांसाठी वाजवलं जातं तिथे काय होतं, तेही आम्ही एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात पाहिलं. कपडे चकचकीत, आवाज मोठा, आणि वादक एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.

मग शॅनन नदी होडीतून बससकट ओलांडून आम्ही डिंगलला पोचलो. तिथून समोर समुद्रात ब्लास्केट बेट दिसतं. त्या बेटावरची एक बाई मला विसरता येणार नाही. तिचं नाव पेग सेयर्स. जन्म १८७३ चा, किनाऱ्यावरच्या डनक्विन गावात. लहान वयात दुसऱ्याच्या घरी मोलकरीण. अमेरिकेला गेलेली मैत्रीण बोटीचं तिकीट पाठवणार होती, पण मैत्रिणीला अपघात झाला आणि तिकीट आलंच नाही. मग १८९२ साली लग्न करून ती बेटावर सासरी गेली. तिथे ना दुकान, ना डॉक्टर, ना देऊळ. काही मुलं लहानपणीच गेली. एक तरुण मुलगा जळण गोळा करताना कड्यावरून पडला. उरलेली एकेक करून अमेरिकेला गेली.

पण या बाईच्या तोंडी शेकडो गोष्टी होत्या. संध्याकाळी चुलीशी बसून चिलीम ओढत ती सांगायची आणि सगळं घर भरून लोक ऐकायचे. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं. डब्लिनची एक शिक्षिका तिच्या मागे लागली की तुझं आयुष्य सांग. पेगने सांगितलं, मुलाने लिहून घेतलं, आणि १९३६ साली पुस्तक निघालं. पुढे कितीतरी वर्षं ते शाळेत सक्तीचं होतं, आणि पोरं त्याला चांगली कंटाळायची! १९५३ साली बेटावर मोजकी माणसं उरली होती, त्यांना सरकारने किनाऱ्यावर आणलं. आज तिथली घरं पडकी आहेत. पण त्या घरात संध्याकाळी काय बोलत होते ते वाचता येतं, कारण कुणीतरी वेळेवर विचारलं होतं.

शेवटच्या दिवशी कॉर्क जिल्ह्यातून परत येताना बाईने रडण्याच्या गाण्यांबद्दल सांगितलं. आपल्याकडे मयताला बायका गुण गाऊन रडतात, तसं तिथेही होतं. त्याला 'कीनिंग' म्हणतात. काही बायका त्यात इतक्या तरबेज, की त्यांना मुद्दाम बोलावत आणि खाऊपिऊ घालून पैसेही देत. याच जिल्ह्यात १७७३ साली आर्ट ओ'लिअरी नावाच्या तरुणाला शिपायांनी गोळी घातली. तेव्हा इंग्रजांचा कायदा असा होता, की कॅथलिक माणसाचा घोडा कितीही भारी असला तरी पाच पौंड पुढे करून मागितला तर तो द्यावा लागे. आर्टने दिला नाही. वैर वाढत गेलं आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याची बायको आयलीन हिने त्याच्यासाठी जो विलाप केला, तो पुढे कितीतरी वर्षं रडणाऱ्या बायकांच्या तोंडी राहिला. नंतर तो एका बाईकडून लिहून घेतला. आज आयरिश भाषेतल्या सर्वांत थोर काव्यांत त्याची गणना होते. सरकारी कागदात त्या माणसाचं नाव गुन्हेगार म्हणून राहिलं असतं. बायकोच्या रडण्याने तो माणूस म्हणून राहिला.

पण कीनिंगची प्रथा आता उरली नाही. पाद्र्यांना ती आवडत नव्हती, शिकलेल्यांना तिची लाज वाटायला लागली. विसाव्या शतकात ती संपली, आणि आवाजाची ध्वनिमुद्रणं अगदी थोडी आहेत. 'हे अडाणी बायकांचं रडणं, ते काय नोंदवायचं' असं वाटलं, म्हणून ते गेलं.

त्याच रस्त्यावर बॅलिव्होर्नी गाव लागतं. तिथे एलिझाबेथ क्रोनिन नावाची एक शेतकरीण होती, जन्म १८७९ चा. तिची गाणी सत्तरीच्या आसपास ध्वनिमुद्रित झाली. बीबीसीची माणसं आली, अमेरिकेहून अ‍ॅलन लोमॅक्स हा संग्राहक आला, आणि तिने स्वयंपाकघरात बसून गाणी दिली. २००० साली तिच्या नातवाने ती पुस्तकात छापली. सत्तरीची बाई, शेतातलं घर, आणि गाणी देशाची ठेव झाली.

या देशाने आणखी एक मोठं काम केलंय, ते आपल्या उपयोगाचं आहे. १९३७ ते १९३९ या काळात पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांहून जास्त मुलांना सांगितलं, की निबंधाच्या तासाला निबंध नको. घरी जा, आजीला विचारा, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा. गाणी, औषधं, म्हणी, सणवार, दुष्काळाच्या आठवणी, सगळं वहीत लिहून आणा. त्या वह्यांची लाखो पानं आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत, आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. मोठे पंडित लागले नाहीत. वही, पेन्सिल आणि प्रश्न विचारणारं नातवंड एवढंच लागलं.

आपल्याकडेही हे झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण तुमच्या गावातल्या, तुमच्या सासूच्या तोंडच्या त्यात असतीलच असं नाही. पिठाची गिरणी आली, मनगटं सुटली, हे चांगलंच झालं. जातं परत आणा असं मी म्हणणार नाही. ओवी मात्र गिरणीत टाकायची नाही.

म्हणून माझी एक सूचना. या महिन्याच्या मीटिंगला हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की अर्धा तास राखून ठेवा. गटातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा. आधी तिची परवानगी घ्या. मग मोबाईल जवळ ठेवून आवाज भरून घ्या, नुसते शब्द लिहून भागत नाही, चाल हवी. सुरुवातीला तिचं नाव, माहेर, सासर, वय आणि तारीख बोलून घ्या. गाणं झालं की विचारा, हे कुणाकडून शिकलात, कधी म्हणायचात. ती थांबली तर घाई करू नका, एक ओवी दुसरीला ओढून आणते. एक वही शाळकरी मुलीकडे द्या, ती लिहून घेईल आणि तिलाही चार ओव्या येतील. आणि म्हातारी गाताना कुणीतरी तिचा हात हातात घ्या.

पुढच्या महिन्यात तुमच्या गटाने किती गाणी जमवली ते मला पत्राने किंवा रेडिओच्या फोनवर कळवा. त्यातली काही आपण इथेच ऐकवू, म्हणणारीच्या नावासकट. नमस्कार.